सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचं शेड्यूल: ४१२ ओळींची सीएसव्ही एका ए-३ कागदावर कशी बसवावी?

मधलाजिना | १२ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा तांत्रिक विभागात टाकू की मुंबई विभागात, कळेना. शेवटी इथे टाकतोय.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. तळमजला अधिक चार, ३२ बिऱ्हाडं, रीडेव्हलपमेंटला निघालीय. मी सेक्रेटरी (म्हणजे मीटिंगला उशिरा पोचलो आणि तोवर झालो होतो). आमच्या पीएमसीने, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने, कामाचं वेळापत्रक पाठवलं. आधी पीडीएफ, २३ पानं, अक्षर मुंगीएवढं. मी म्हटलं असं नको, डेटा द्या. तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) आली, ४१२ ओळींची. पाडकामापासून चाव्या हातात मिळेपर्यंत सगळं आहे त्यात, 'लिफ्ट पिट वॉटरप्रूफिंग' वगैरेसकट.

रविवारी २४ तारखेला, गणपतीच्या आधी, जनरल बॉडी आहे. सभासदांपैकी निम्मे सत्तरीच्या पुढचे. त्यांना हवा एक कागद: आडव्या पट्ट्या, वर महिने, डावीकडे कामाचं नाव. बस्स. नोटीस बोर्डावर लागला पाहिजे आणि चष्म्याने वाचता आला पाहिजे.

यूट्यूब बघून एक्सेलमध्ये स्टॅक्ड बार केला. दोन भानगडी झाल्या. एक, तक्त्याची सुरुवात १९०० सालापासून होतेय आणि सगळ्या पट्ट्या उजव्या कडेला चेंगरून बसल्यात, विरार लोकलच्या दारात उभ्या राहिल्यासारख्या. दोन, खोदकामाची पट्टी मार्च २०२५ मध्ये दिसतेय. आज ऑगस्ट आहे. मी याच बिल्डिंगमध्ये बसून हे टाइप करतोय आणि खाली कोणी खोदत नाहीये.

लॅपटॉप मुलाचा जुना, त्याने न्यू जर्सीहून आणलेला. त्याचा काही संबंध असेल का?

---

रिकामटेकडा | १२ ऑगस्ट, रात्री १०:५२

खाली कोणी खोदत नाहीये याची खात्री करून घ्या. मुंबई आहे.

---

टीपकागद | १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

संबंध आहे, आणि तोच आहे. अमेरिकन लॅपटॉप तारीख महिना-दिवस-वर्ष अशी वाचतो. तुमच्या फाइलमध्ये खोदकामाची सुरुवात ०३/११/२०२५ असणार. आपल्यासाठी ३ नोव्हेंबर, त्याच्यासाठी ११ मार्च.

१९०० ची भानगडही त्याच आईची मुलगी. ज्या तारखेत दिवस १२ च्या पुढे आहे, उदाहरणार्थ १५/०९/२०२५, तिला पंधरावा महिना कुठून आणायचा? म्हणून एक्सेल ती तारीख मानतच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवतो. तक्त्यात मजकुराची किंमत शून्य. आणि एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे मुळात एक आकडा असतो, १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेला. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. एक जरी शून्य आत शिरला तरी अक्ष १९०० पासून सुरू होतो.

कॉलम रुंद करा आणि बघा. काही तारखा उजवीकडे टेकलेल्या असतील, त्या आकडे झाल्यात (म्हणजे उलटल्यात). डावीकडे टेकलेल्या मजकूर आहेत.

---

मधलाजिना | १२ ऑगस्ट, रात्री ११:३१

अगदी बरोबर!! अर्ध्या डावीकडे, अर्ध्या उजवीकडे. पाडकाम १५/०९/२०२५ डावीकडे आहे. म्हणून त्याची पट्टीच नव्हती. म्हणजे माझ्या तक्त्यात बिल्डिंग पाडलीच नाही आणि आठ महिने आधी खाली खड्डा घेतला.

पण ताई, उलटलेली तारीख दिसताना तर ३/११/२०२५ अशीच दिसतेय. डोळ्याला फरकच नाही.

---

टीपकागद | १२ ऑगस्ट, रात्री ११:४४

तेच तर विष आहे. फॉरमॅट बदलून महिन्याचं नाव अक्षरात येईल असा करा, मग 'मार्च' दिसेल. परकी फाइल आली की पहिलं काम हे करते मी. सतरा वर्षं फोर्टात लोकांच्या बिलांच्या तारखा सरळ करतेय.

---

आठबावीसची_फास्ट | १३ ऑगस्ट, सकाळी ८:३५

(नावाप्रमाणेच गाडीतून लिहितोय, शुद्धलेखन माफ)

सोपं आहे. कंट्रोल पॅनेल, रीजन, इंग्लिश इंडिया करा. झालं.

---

टीपकागद | १३ ऑगस्ट, सकाळी ९:५०

झालं नाही. रीजन बदलल्याने पुढे उघडणाऱ्या फाइली नीट वाचल्या जातील. ज्या तारखा आधीच ११ मार्च होऊन सेव्ह झाल्यात त्या ११ मार्चच राहणार, फक्त दिसताना ११/०३ दिसतील. मूळ सीएसव्हीवरच जावं लागतं.

मधलाजिना, मूळ फाइलवर डबल क्लिक करू नका. कोरं एक्सेल उघडा, डेटा टॅब, 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइल निवडा, 'ट्रान्सफॉर्म डेटा'. तारखेच्या कॉलमच्या डोक्यावर उजवी क्लिक, 'चेंज टाइप', त्यात अगदी खाली 'यूझिंग लोकेल'. प्रकार डेट, लोकेल इंग्लिश इंडिया. सुरुवात आणि शेवट दोन्ही कॉलमांना. त्याने आपणहून आधी 'चेंज्ड टाइप' नावाची पायरी घातली असेल तर ती उजवीकडच्या यादीतून उडवून मग हे करा, नाहीतर उलटलेलीच तारीख पुन्हा सरळ वाचल्यासारखी होते.

एक्सेल जुनं असेल आणि हे सापडत नसेल, तर फाइलचं शेपूट सीएसव्हीचं टीएक्सटी करा आणि एक्सेलमधून उघडा. तीन पायऱ्यांचा विझार्ड येतो, तिसऱ्या पायरीवर कॉलम निवडून 'डेट: डीएमवाय' करायचं.

दिवस-महिना अदलाबदल करणारं सूत्रही लिहिता येतं. मी लिहीत नाही. चुकून दोनदा चालवलं की आपण जिथून निघालो तिथे, आणि कुठली तारीख कितीदा फिरली ते देवालाच ठाऊक.

---

पट्टीवाला | १३ ऑगस्ट, दुपारी १:२०

माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून आलो. साइटवर प्लॅनिंग करतो, १४ वर्षं, सगळी मुंबई-ठाण्यात.

टीपकागद यांनी तारखांचं सांगितलं. एक तपासणी मी जोडतो: तारखांपुढे एका कॉलमात वार काढा. आपल्याकडे साइटला रविवार सुट्टी असते, त्यामुळे नीट केलेल्या शेड्यूलमध्ये कुठलंच काम रविवारी सुरू होत नाही की संपत नाही. रविवार भसाभस दिसले तर तारखा उलटल्यात असं समजा.

आता पुढचा खड्डा. 'ड्युरेशन' कॉलम बघा, तो कामाच्या दिवसांत असतो. पट्टी मात्र कॅलेंडरच्या दिवसांनी काढायची असते. पाडकाम कधीपासून कधीपर्यंत आणि किती दिवस लिहिलंय?

---

मधलाजिना | १३ ऑगस्ट, दुपारी २:०५

१५/०९/२०२५ ते २५/१०/२०२५. ड्युरेशन '३६ डेज', असं शब्दासकट.

आणि हो, वाराची तपासणी केली. जुन्या (उलट्या) फाइलमध्ये प्लिंथची सुरुवात ५ एप्रिल २०२६, रविवार. नव्याने घेतलेल्या फाइलमध्ये ४ मे, सोमवार. कमाल आहे.

---

पट्टीवाला | १३ ऑगस्ट, दुपारी २:४०

म्हणजे आठवड्याला सहा दिवस धरलेत. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर, दोन्ही टोकं धरून ४१ दिवस. त्यातले पाच रविवार वजा केले की ३६. तुम्ही ३६ ची पट्टी काढली तर ती २० ऑक्टोबरलाच संपेल. पाडकामात पाचच दिवस गेले, पण दीड वर्षाच्या आरसीसीच्या (काँक्रीटच्या सांगाड्याच्या) पट्टीत हाच फरक अडीच महिन्यांचा होतो.

म्हणून ड्युरेशनचा कॉलम सरळ सोडून द्या. शेवट वजा सुरुवात अधिक एक. तो 'अधिक एक' विसरू नका, नाहीतर एका दिवसाचं काम शून्य लांबीचं होऊन गायब होतं. आणि 'डेज' हा शब्द चिकटलाय म्हणजे तो कॉलम मजकूरच आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधून चिकटवलं की असं येतं. कधी तर '३६ डेज?' असं प्रश्नचिन्हासकट येतं, म्हणजे मुदत अंदाजाने टाकलीय. प्रश्नचिन्हं किती आहेत ते मोजून ठेवा, पीएमसीला विचारायला कामी येतील. :)

आणखी एक. ३६ म्हणजे फक्त रविवार वगळले. २ ऑक्टोबर, त्याच दिवशी यंदा दसरा, वर दिवाळी. एकही सुट्टी धरलेली नाही. मजूर दिवाळी-छटला गावी जातात ते वेगळंच. हे कॅलेंडर त्यांनी कोऱ्या फाइलमध्ये असतं तसंच ठेवलंय, आठवड्याचा शनिवार तेवढा चालू केलाय.

---

मधलाजिना | १३ ऑगस्ट, दुपारी २:५८

एक गोष्ट कबूल करायची राहिली.

पहिला चुकीचा तक्ता केला ना, त्याचा फोटो मी उत्साहात रविवारीच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. त्यात शेवटची ओळ, पझेशन, ८ मे २०२८. सगळे खूश. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तर 'वा, नातीची शाळा सुरू व्हायच्या आत' असं लिहून हार-फुलं पाठवली.

आत्ता नीट घेतलेल्या फाइलमध्ये पाहिलं. ०५/०८/२०२८ आहे. ५ ऑगस्ट.

---

रिकामटेकडा | १३ ऑगस्ट, दुपारी ३:०१

हार-फुलं जपून ठेवा.

---

गच्चीवरची | १३ ऑगस्ट, दुपारी ३:१५

अरे देवा. तीन महिन्यांचं भाडं! आमच्याकडे चेंबूरला असं झालं असतं तर सेक्रेटरीला जिना चढू दिला नसता. लगेच दुरुस्तीचा मेसेज टाका, रविवारपर्यंत थांबू नका.

---

मधलाजिना | १३ ऑगस्ट, दुपारी ४:३०

टाकला. 'तांत्रिक कारणाने' असं लिहिणार होतो, बायको म्हणाली सरळ लिहा तारीख उलटी वाचली. तसं लिहिलं. दुसऱ्या मजल्याने अंगठा दिलाय, नुसता.

---

आठबावीसची_फास्ट | १३ ऑगस्ट, संध्या. ७:१०

सकाळच्या अर्धवट सल्ल्याबद्दल सॉरी, घाईत होतो. भरपाई म्हणून: एक्सेलच्या बाहेर पडायची तयारी असेल तर फ्रॅपे गँट बघा (गँट चार्ट म्हणजे हाच आडव्या पट्ट्यांचा तक्ता). मुक्त स्रोत, फुकट, आणि आपल्या मुंबईतल्याच कंपनीचं. प्रत्येक कामाला आयडी, नाव, सुरुवात, शेवट, किती टक्के झालं आणि कशावर अवलंबून एवढंच द्यायचं, ब्राउझरमध्ये पट्ट्या आणि बाण येतात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्यायची, त्यामुळे उलटायचा प्रश्नच नाही. मी शनिवारी बसून करून देऊ शकतो.

कोड लिहायचा नसेल तर गँटप्रोजेक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पीएमसीकडून मूळ एमपीपी (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची) फाइल मिळाली तर ती त्यात थेट इम्पोर्ट होते. एक्सेलमध्ये एमपीपी उघडत नाही.

---

पट्टीवाला | १३ ऑगस्ट, रात्री ९:२५

गँटप्रोजेक्ट चांगलं आहे, सीएसव्हीही घेतं. फ्रॅपेचं मला माहीत नव्हतं, बघतो.

पण इथे गरज नोटीस बोर्डाची आहे. ४१२ ओळी कशातही इम्पोर्ट करा, ४१२ पट्ट्याच येणार. साधा तक्ता सॉफ्टवेअरने साधा होत नाही हो, ओळी कमी करून होतो. फाइलमध्ये 'आउटलाइन लेव्हल' (कामाची पातळी) किंवा 'डब्ल्यूबीएस' (१, १.१, १.२ असे कामांचे पोटक्रमांक) नावाचा कॉलम आहे का? पातळी १ आणि २ तेवढी ठेवा, बाकी फिल्टरने लपवा (उडवू नका).

डब्ल्यूबीएस असेल तर तो कॉलम मजकूर म्हणून घ्या. एक्सेल १.१० ला आकडा समजून १.१ करतो, मग दहावं काम पहिल्याच्या जागी जाऊन बसतं आणि क्रम लावला की दहाव्या मजल्याचा स्लॅब पहिल्याच्या शेजारी. मी हे एका क्लायंटसमोर प्रोजेक्टरवर केलेलं आहे.

आणि पातळी १ च्या ओळी या बेरजेच्या ओळी असतात, त्यांच्या पोटात खालची कामं आलेलीच असतात. दोन्हींच्या दिवसांची बेरीज करू नका. एका कमिटीने तशी करून 'प्रोजेक्ट सात वर्षांचं आहे' म्हणून गोंधळ घातला होता.

---

जुनाजाणता | १४ ऑगस्ट, सकाळी ६:१२

मी निवृत्त. ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलं. आम्ही हेच ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनाने काढायचो आणि अमोनिया प्रिंट काढून साइटवर लावायचो. महिनाअखेरीला झालेल्या कामाची पट्टी लाल पेन्सिलीने भरायची. साहेब आला की लांबूनच त्याला कळायचं कुठे पांढरं राहिलंय.

हेन्री गँट हे अमेरिकन इंजिनिअर, १९१९ साली वारले. पण त्यांच्याही आधी, १८९६ मध्ये, कारोल आदामीएत्स्की या पोलिश इंजिनिअरने अशाच प्रकारचा तक्ता केला होता, 'हार्मोनोग्राम' नावाचा. त्याचं फार कोणी नाव घेत नाही, कारण बरंचसं पोलिश आणि रशियन भाषेत राहिलं. आपल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखी बाब.

सेक्रेटरींना सुचवणी: बार चार्ट नको, चौकोनांचा करा. आलेखाच्या कागदासारखा. म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षावरची तारीख शोधता येत नाही, चौकोन मोजता येतो.

---

टीपकागद | १४ ऑगस्ट, सकाळी १०:०५

काकांच्या सुचवणीला माझं मत. एक्सेलमध्ये ते कंडिशनल फॉरमॅटिंगने होतं आणि चार्टपेक्षा कटकट कमी. पारदर्शक पट्टी करा, क्रम उलटा करा, अक्षाला किमान आकडा द्या, हे काहीच नाही.

सप्टेंबर २०२५ ते ऑगस्ट २०२८ म्हणजे बरोबर ३६ महिने. प्रत्येक महिन्याचे दोन पंधरवडे केले तर ७२ बारीक कॉलम, ए-३ आडव्यात बसतात. पहिल्या ओळीत पंधरवड्याची पहिली तारीख, दुसऱ्या ओळीत शेवटची. मग खालचे सगळे चौकोन निवडून नियम द्यायचा: कामाची सुरुवात पंधरवड्याच्या शेवटच्या तारखेएवढी किंवा आधी, आणि कामाचा शेवट पंधरवड्याच्या पहिल्या तारखेएवढा किंवा नंतर. दोन्ही खरं असेल तर रंग भरा.

वाचायला उलटं वाटतं, पण तसंच हवं. 'काम पंधरवड्यात सुरू झालं का' असं विचाराल तर लांब कामाचा फक्त पहिला चौकोन रंगेल. सूत्रात कामाच्या तारखांना कॉलमच्या अक्षराआधी डॉलर, पंधरवड्याच्या तारखांना ओळीच्या आकड्याआधी डॉलर. नव्वद टक्के लोकांचं इथेच चुकतं आणि रंग तिरके उतरत जातात, रांगोळीसारखे.

---

मधलाजिना | १७ ऑगस्ट, रात्री ११:५०

रंग तिरके उतरले. डॉलर चुकला होता. मग जमलं!

पातळी २ पर्यंत १९ ओळी आल्या, दोन मी गाळल्या ('मोबिलायझेशन' आणि 'डीमोबिलायझेशन', कोणाला समजावत बसू). १७ ओळी, नावं मराठीत केली: पाडकाम, खोदकाम व कडेचा आधार, पाया, प्लिंथ, स्लॅब, वीट-प्लास्टर असं. मग दुसरी गंमत. मराठी नावांसकट सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं, परत उघडलं तर सगळी नावं प्रश्नचिन्हं.

---

टीपकागद | १८ ऑगस्ट, सकाळी ९:४०

सेव्ह करताना यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा प्रकार आहे, तो घ्यायचा. साध्या सीएसव्हीत देवनागरी टिकत नाही, आणि प्रश्नचिन्हं झाली की परत येत नाहीत. पण तुम्हाला आता सीएसव्ही हवीच कशाला? एक्सेलची नेहमीची फाइल ठेवा.

---

मधलाजिना | १८ ऑगस्ट, सकाळी ९:५५

सवय हो. पाठवणाऱ्याने सीएसव्ही दिली म्हणून मीही. १७ नावं परत टाइप केली.

---

पट्टीवाला | १८ ऑगस्ट, दुपारी १:०५

१७ उत्तम. आता त्यात परवानग्या आहेत का बघा. मुंबईत त्याच खऱ्या अडतात. आधी प्लिंथपर्यंतची (जोत्यापर्यंतची) सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, मिळते, प्लिंथ झाली की महापालिका तपासते, मग पुढच्या मजल्यांची सीसी. शेवटी ओसी (राहायला जायची परवानगी), आणि त्यानंतरच पझेशन. शेड्यूलमध्ये हे माइलस्टोन म्हणून असतात, मुदत शून्य, त्यामुळे चार्टमध्ये पट्टीच येत नाही आणि लोकांना वाटतं प्लिंथ संपली की दुसऱ्या दिवशी स्लॅब. तुमच्या चौकोनांच्या तक्त्यात सुरुवात-शेवट एकच तारीख असली तरी एक चौकोन रंगेल, ते बरं आहे. त्याला वेगळा रंग द्या किंवा हिरा काढा.

बाण काढत बसू नका. त्याऐवजी उजवीकडे एक कॉलम ठेवा, 'आधी काय हवं'. प्रेडिसेसर कॉलममध्ये '१२एफएस+३ डेज' असलं काहीतरी असेल, म्हणजे १२ क्रमांकाचं काम संपल्यावर तीन दिवसांनी. ते क्रमांक तुमच्या १७ ओळींत जुळणार नाहीत, तेव्हा हाताने आणि मराठीत लिहा.

शेवटचं: आजच्या तारखांची एक प्रत गोठवून ठेवा. पुढच्या वेळी पीएमसी सुधारित फाइल पाठवेल तेव्हा जुन्या तारखा पुसून नव्या येतात, आणि सगळं वेळेत चाललंय असंच दिसतं. आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चलाखी ही. आमच्या म्हणजे, मीही केलीय.

---

गच्चीवरची | १८ ऑगस्ट, दुपारी १:३०

हा शेवटचा परिच्छेद मी आमच्या कमिटीला पाठवतेय. नाव न घेता.

---

मधलाजिना | २४ ऑगस्ट, रात्री ९:१५

सभा झाली. ए-३ दोन प्रती, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून.

तक्ता कळला. सगळ्यांना कळला, अगदी आमच्या मातोश्रींनाही, त्यांनी पट्टीवर बोट ठेवून 'म्हणजे दोन दिवाळ्या बाहेर' असं म्हटलं. नंतर मोजलं तर तीन निघाल्या, २०२५ ची धरून.

वाद झालाच. पाडकाम १५ सप्टेंबरला सुरू, म्हणजे १ ते १५ या पंधरवड्याला एका दिवसापुरता शिवतं, आणि टीपकागदताईंच्या नियमाने तो अख्खा चौकोन रंगला. तळमजल्याचे काका उभे राहिले: "आम्हाला १ तारखेला बाहेर काढणार? गणपती घरात असताना?" अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. अर्धा तास त्यात गेला. शेवटी मी पेनाने तो चौकोन खोडला आणि वर '१५ ता.' लिहिलं.

सुट्ट्या आणि प्रश्नचिन्हं (३८ निघाली) यावर पीएमसीच्या माणसाला विचारलं. म्हणाला, पुढच्या सुधारित प्रतीत घेऊ. गोठवलेली प्रत इतिवृत्ताला जोडून टाकली, सह्यांसकट.

---

जुनाजाणता | २५ ऑगस्ट, सकाळी ६:०५

उत्तम. आता 'आज'ची रेघ हवी. ती छापू नये, दर आठवड्याला कागद बदलावा लागेल. सॉफ्ट बोर्डावर तक्ता लावा, वर-खाली दोन टाचण्या, मधे लाल दोरा ताणायचा. दर सोमवारी सरकवायचा. आम्ही वीस वर्षं तसंच केलं.

---

आठबावीसची_फास्ट | २५ ऑगस्ट, सकाळी ८:३१

काका, मी हेच जावास्क्रिप्टमध्ये करून देत होतो. :(

---

जुनाजाणता | २५ ऑगस्ट, सकाळी ८:४०

करा की. दोरा तोवर चालेल.

---

गच्चीवरची | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

धागा वर काढतेय. आमचं शेड्यूल आलं, एक्सेलमध्ये, तारखा सरळ. (पहिलं वार तपासले.) मधलाजिना, तुमच्याकडे काय स्थिती? दोरा आहे का?

---

मधलाजिना | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

आम्ही आता भांडुपला भाड्याने. बिल्डिंग गेली. बोर्ड साइट ऑफिसच्या पत्र्याच्या भिंतीला लावलाय, दोऱ्यासकट. सरकवायचं काम वॉचमनकडे दिलं होतं, त्याला फार आवडायचं, सोमवारी सकाळी गेटपाशी कोणी आलं की आधी बोर्ड दाखवायचा.

पाडकाम २५ ऑक्टोबरऐवजी ६ नोव्हेंबरला आटोपलं. खोदकाम ३ तारखेला सुरू व्हायचं होतं, पोकलेन काल आलं. पण बोर्डावर सगळं वेळेत दिसतंय. वॉचमन छटला गावी गेला तो अजून परतला नाही, आणि दोरा २० ऑक्टोबरवर उभा आहे.